एकाच नावाची दोन घरं

माझा लॅपटॉप तीन ठिकाणी चालतो: सांगलीतला आमचा फ्लॅट, कराडचं ऑफिस आणि विट्याच्या अलीकडचं माझं माहेरचं गाव. त्यावर विंडोज नाही, लिनक्स आहे. कराडच्या आमच्या छोट्या कंपनीत सगळ्यांच्याच मशीनवर तेच आहे. आम्ही दूध संकलन केंद्रांवरच्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहितो. शेतकऱ्यानं कॅन आणला की फॅट मोजून छोटी चिठ्ठी बाहेर येते ना, ती चिठ्ठी बरोबर यावी हे माझं काम. लिनक्स मला मनापासून आवडतं. गुमान काम करतं, मध्येच उगाच नवं काही गळ्यात मारत नाही. पण जागा बदलली की त्याचं आणि इंटरनेटचं काहीतरी बिनसतं, आणि समजूत घालता घालता माझ्या नाकीनऊ येतात.

कराडच्या ऑफिसात सगळं इंटरनेट एका मधल्या मशीनमधून जातं. त्याला प्रॉक्सी म्हणतात. ऑफिसात शिरलं की लॅपटॉपला सांगायचं, प्रॉक्सीतून जा. निघताना सांगायचं, आता नको. हे त्याचं त्याला कळत नाही, आणि मी विसरते. सांगलीच्या घरी वेगळा प्रकार. नवरा शाळेत शिक्षक आहे. त्याला माझ्या लॅपटॉपमधल्या फायली त्याच्या कॉम्प्युटरवर हव्या असायच्या आणि त्याचं मशीन माझं मशीन शोधत बसायचं. दोन वर्षांपूर्वी मी कुठेतरी वाचून सेटिंगमध्ये चार आकडे टाकले. फायली मिळायला लागल्या. नवरा खूश झाला आणि मी ते आकडे साफ विसरून गेले.

गावच्या घराला मात्र असं काही लागत नव्हतं. दिवाळीला जायचं, लॅपटॉप उघडायचा, की तो आपोआप वायफायला जोडला जायचा. पासवर्डसुद्धा विचारायचा नाही. याचं कारण आमच्या घराण्याच्या धंद्यात आहे, ते सांगायला हवं.

आमच्या भागातली निम्मी घरं गलाईवाल्यांची. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा धंदा. त्यासाठी माणसं पार लांबच्या शहरांत जातात, दुकान टाकतात, भट्टी लावतात आणि जत्रेला गावी येतात. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, चाळीस वर्षं सेलमला काढली. आता ते दुकान थोरला भाऊ बघतो आणि धाकट्याचं दुकान विजयवाड्याला आहे. चुलत्यांची, त्यांच्या मुलांची दुकानं आणखी कुठे कुठे. पण सगळ्या दुकानांवर नाव एकच, गावच्या देवीचं. वर तिथल्या भाषेत, खाली बारीक अक्षरात मराठीत. आबा सांगायचे, "आपला माणूस कुठल्याबी टेसनावर उतरला, भाशा येत नसली, तरी ती पाटी बगून आत शिरतो. पाटी एक, तर घर एक."

वायफाय आलं तेव्हा थोरल्या भावानं सेलमच्या घरातल्या वायफायला तेच नाव दिलं. मग विजयवाड्यात तेच, गावी तेच, आणि पासवर्डही तोच. मी सांगलीला फ्लॅट घेतला तेव्हा आबांनी फोनवर विचारलं, "नाव काय दिलंस?" मी दिलं नव्हतं. त्यांना बरं वाटावं म्हणून लगेच बदललं. नवऱ्यानं थोडी चेष्टा केली, म्हणाला, तुमच्या दुकानाची शाखा निघाली की काय आपल्या घरात. मला त्यात गंमत वाटली होती. खरं सांगायचं तर थोडा मानही वाटला. दुकानाच्या पाटीखाली आमच्या घरातल्या पोरींपैकी कुणी कधी आलं नव्हतं. गावच्या घराच्या दाराशेजारी काळी फरशी बसवली आहे, तिच्यावर आजोबा, आबा आणि दोघे भाऊ यांची नावं कोरलेली आहेत. मी लग्न होऊन गेले, सासरी माझं नावही बदललं. तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं ते नवं नाव आता आधारवर आहे, ऑफिसात आहे, सांगलीत सगळे मला त्याच नावानं ओळखतात. तेव्हा त्या फरशीवर मी असण्याचा प्रश्न नव्हताच. मला त्याचं वाईट वाटतं असं मी कधी बोलले नाही. वाटायचं मात्र.

आबांना त्या एका नावाचं भारी कौतुक. तेजाबानं त्यांच्या बोटांच्या पेरांवरच्या रेषा कधीच पुसून गेल्यात, त्यामुळे फोन त्यांचं बोट ओळखत नाही. पण चार घरांपैकी कुठल्याही घरात गेलं की वायफाय लागतं, याचं त्यांना अप्रूप. "बोट न्हाई वळखत, पन घर वळखतंय," असं येईल त्याला सांगायचे.

गेल्या वर्षी आबा न्हाणीत घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन सांगलीत झालं. पंधरा दिवस आमच्याकडे राहिले. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन माणसांनी खुर्चीवर बसवून त्यांना वर आणलं तेव्हा त्यांनी जिना संपेपर्यंत डोळे मिटून घेतले होते. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची भिंत दिसायची. ते तक्रार करत नसत, पण जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. एक दिवस म्हणाले, "चाळीस वर्षं दुसऱ्याच्या मुलखात काडली पोरी. आता मला गावातनं हलवू नगंस." आई जाऊन सहा वर्षं झाली होती. गावात त्यांना बघायला कुणी नव्हतं. भाऊ म्हणाले, आमच्याकडे आणून सोड. मी म्हटलं, चालायला लागेपर्यंत मीच गावी राहते.

ऑफिसातल्या साहेबांना विचारलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "मॅडम, महिनाभर करून बघा. पण साडेनऊची मीटिंग चुकवायची नाही." साडेनऊला आम्ही सगळे आपापला स्क्रीन दाखवतो. सकाळचं दूध संपलेलं असतं, कुठल्या केंद्रावर काय बिघडलं ते समोर असतं, आणि संध्याकाळचं दूध यायच्या आत ते दुरुस्त करायचं असतं. "तीनदा चुकली तर मात्र रोज कराडला यायचं," साहेब म्हणाले. रोज कराड म्हणजे आबा दिवसभर एकटे. म्हणजे आबांची रवानगी पुन्हा तिसऱ्या मजल्यावर. हे मला कळत होतं आणि मी छातीठोकपणे सांगितलं की चुकणार नाही.

सोमवारी सकाळी माहेरच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, लॅपटॉप उघडला. वायफाय लागलं. नाव तेच, सिग्नल पूर्ण. आणि त्या चिन्हावर एक बारीक प्रश्नचिन्ह. काही उघडेना.

पहिल्यांदा मला वाटलं, प्रॉक्सी. शनिवारी नवऱ्यानं आबांना गावी आणलं आणि मी ऑफिस करून परस्पर कराडहून आले होते. बघितलं तर खरंच चालू राहिली होती. बंद केली आणि स्वतःलाच शाबासकी दिली. तरी काही उघडेना. बंद करून चालू केलं. डबा, म्हणजे वायफायचं ते यंत्र, बंद करून चालू केलं. पावणेदहा झाले. साहेबांना फोन केला, तोही आवारातल्या शेवग्याखाली उभं राहून, कारण आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही. पहिली मीटिंग गेली.

आबा कॉटवरून सगळं बघत होते. त्यांनी उशीजवळचा फोन उचलला आणि म्हणाले, "माज्या फोनवर तर चालतंय की."

हे वाक्य पुढच्या दोन आठवड्यांत मी इतक्या वेळा ऐकलं की मला त्या फोनचाच राग यायला लागला.

गावात इंटरनेटची लाइन एक निवृत्त फौजी बघतात. सिग्नल कोअरमध्ये होते, आता साठीला आलेत, मिशा अजून पल्टनीतल्या. त्यांना बोलावलं. त्यांनी डब्याकडे बघितलं, खिशातला फोन काढून बघितला. "ताई, लाइन एकदम ओके हाय. आपल्या साइडनं कायबी गडबड न्हाई."

"मग माझ्या लॅपटॉपवर का न्हाई?"

"त्ये तुमचं मशीन जाने," ते म्हणाले, चहा प्यायले आणि गेले.

डबा नवा होता. आबा सांगलीला असताना विजेचा दाब वाढून जुना जळाला होता आणि फौजींनी हा बसवला होता. अर्थात मी सगळं खापर नव्या डब्यावर फोडलं. मग लिनक्सवर. मग परत डब्यावर. एका जागी वाचलं की वायफायचा ड्रायव्हर बदला, तो बदलला. दुसरीकडे वाचलं की वीज वाचवण्याचं सेटिंग बंद करा, ते केलं. तिसऱ्यानं जे सांगितलं ते केल्यावर अर्धा दिवस वायफाय दिसायचंच बंद झालं. माझ्या फोनचं वायफाय कधीचंच बिघडलेलं, म्हणून हे सगळं वाचायचं आबांच्या फोनवर, एक एक ओळ बघून लॅपटॉपवर टाइप करायचं, आणि आबा मध्येच विचारायचे, "झालं का फोनचं काम? भावकीतला एकजन फोन करनार हाय." नवरा म्हणाला, सरळ नवा लॅपटॉप घे. मी त्याच्यावर फोनवरच उखडले. ऑफिसात कुणाला विचारायला हवं होतं, ते तर मी अजिबात केलं नाही. अकरा माणसांच्या ऑफिसात मी सगळ्यात जुनी. मला वायफाय लावता येत नाही हे कुठल्या तोंडानं सांगणार?

मग मी टाकीवर जायला लागले. गावामागच्या माळावर पाण्याची टाकी आहे, तिथे मोबाइलची रेंज चांगली येते. सव्वानऊला लॅपटॉप पाठीवर टाकून चढायचं, टाकीच्या सावलीत बसायचं, फोनचं इंटरनेट लॅपटॉपला द्यायचं आणि मीटिंग करायची. आजूबाजूला शेरडं. एकदा माझ्या बोलण्यात एक शेरडू एवढं जोरात ओरडलं की साहेब म्हणाले, "मॅडम, यांचा मुद्दा पण लिहून घ्या." सगळे हसले, मीही हसले. पण तेवढा वेळ आबा घरी एकटे असायचे. शेजारच्या काकू येऊन बसायच्या, तरी मी खाली उतरताना जवळजवळ पळतच यायचे. ज्यांना बघायला आले त्यांनाच सोडून रोज तास-दीड तास माळावर बसत होते.

दुसरी मीटिंग टाकीवरच गेली. सकाळपासून वीज नव्हती, टॉवर बंद पडला. मी फोन उंच धरून टाकीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मग खाली बसले. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. साहेबांना मी आबांचा नंबर देऊन ठेवला होता, तो घरातूनच घेतला, वायफायवर. साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, दोन झाल्या. मला बाकीच्यांनाही उत्तर द्यावं लागतं." मी म्हटलं, तिसरी होणार नाही. आणि झालीच तर येईन कराडला.

आबा झोपलेत असं मला वाटलं होतं.

शनिवारी कॉटखालचं झाडायला वाकले तर खाली बॅग. तपकिरी रेक्झिनची, सेलमला जाता-येताना असायची ती. माळ्यावरून कुणाकडून तरी काढून घेतली असणार. चेन उघडली. आत दोन धोतरं, टॉवेल, गोळ्यांची पिशवी, भिंग आणि आईचा फोटो, भिंतीवरचा. मी वर बघितलं तर भिंतीवर नुसता खिळा.

"आबा, ही बॅग कशाला?"

"ऱ्हाऊ दे तयार."

"पन कशाला?"

"माज्यापायी तुजं काम मोडायचं न्हाई," ते म्हणाले. "जाऊ सांगलीला. जिना काय, चडतो मानूस हळूहळू."

मी चिडले. का चिडले ते मला तेव्हाही कळत होतं. ते रडले असते, हट्ट केला असता, तर मला सोपं गेलं असतं. तो खिळा बघवत नव्हता. मी फोटो काढून परत टांगला, आणि ते म्हणाले, "वाकडा झालाय." तो सरळ केला. बॅग मात्र त्यांनी परत माळ्यावर ठेवू दिली नाही. कॉटखालीच राहिली.

रविवारी सकाळी फौजी लाइनचं काही काम काढून गल्लीत आले होते, ते आबांशी बोलायला आत येऊन बसले. दोघांचं परमुलखातलं आयुष्य, गप्पा कधी संपत नाहीत. मी बाजूला लॅपटॉप घेऊन बसले होते, कान अर्धा तिकडे. फौजी सांगत होते, त्यांच्या लग्नानंतरचं. "युनिटचं नाव कायम त्येच, पन पोस्टिंग बदललं की पत्ता नवा. आमची ही पडली साधी. युनिटचं नाव बगायची आन् जुन्याच पत्त्यावर चिठ्ठी टाकायची. मी लडाखला, चिठ्ठ्या जातायत राजस्थानला. हिला वाटायचं, मी उत्तरच देत न्हाई." आबा हसले.

माझे हात थांबले. नाव तेच, पत्ता जुना.

मी सेटिंगची पानं एक एक करून उघडली. इतके दिवस मी वरवरची बटणंच दाबत होते, पत्त्याच्या पानावर गेलेच नव्हते. तिथे ते होते, दोन वर्षांपूर्वी मीच टाकलेले चार आकडे. १९२.१६८.१.५०. सांगलीच्या घरात नवऱ्याला फायली मिळाव्यात म्हणून लॅपटॉपला दिलेला कायमचा पत्ता. लिनक्स घर ओळखतं ते नावावरून. नाव तेच दिसलं की त्याला वाटतं हे सांगलीचंच घर, आणि ते सांगलीचा पत्ता सांगून बसतं. गावचा जुना डबा योगायोगानं तसलेच आकडे वापरायचा, म्हणून दिवाळीला चालायचं. नव्या डब्याचे आकडे वेगळे. आबांच्या फोनला कुणी कायमचा पत्ता दिला नव्हता, तो जाईल त्या घराला विचारून पत्ता घ्यायचा, म्हणून तो चालायचा. एवढं साधं. दोन आठवडे माळ चढले मी यासाठी.

फौजींना म्हटलं, "काका, नव्या डब्याला जुनंच नाव का दिलंत?"

"आबांनी सांगितलं. सांगलीस्नं फोन केला व्हता त्येंनी. नाव त्येच, पासवर्ड त्योच."

आणि मी आबांकडे वळून ओरडले. दोन आठवड्यांचं सगळं बाहेर पडलं. "आबा, त्या तुमच्या एका नावापायी झालंय हे सगळं! सगळीकडं एकच नाव, एकच नाव! मशीनला कसं कळनार कुठलं घर कुठलं?"

फौजी उठले आणि काहीतरी काम आठवल्यासारखं करून गेले. आबा म्हणाले, "मला वाटलं, तू येशील तर तुला तरास नगं."

ते ऐकून मला तोंडात मारल्यासारखं झालं. ऑपरेशन होऊन चार दिवस झाले असताना, सांगलीच्या कॉटवर पडून, त्यांनी माझ्यासाठी तो फोन केला होता. माझे चार आकडे त्यांनी नव्हते टाकले. ते मी टाकले होते आणि मीच विसरले होते. हे मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मी मान खाली घालून कामाला लागले.

काम तसं नेटकं केलं. प्रत्येक डब्याला कारखान्यातून आलेला एक स्वतःचा नंबर असतो. लिनक्सला सांगता येतं की नाव तेच असलं तरी हा नंबर दिसला तर सांगलीचा पत्ता वापर, आणि तो नंबर दिसला तर घराला विचारून घे. दोन नोंदी केल्या, एक सांगलीची, एक गावची. प्रश्नचिन्ह गेलं. पान उघडलं. मी "आलं!" म्हणून ओरडले. आबा म्हणाले, "झ्याक झालं," पण ते माझ्याकडे बघत नव्हते. बॅगेचा विषय मी काढला नाही. वाटलं, उद्या मीटिंग होऊ दे, मग त्यांच्यासमोर ती रिकामी करू.

सोमवारी सकाळी मी संकलन केंद्रावर गेले. दूध आणायचं होतं आणि तिथलं यंत्र आमचंच असल्यानं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. रांगेत उशीर झाला. परत आले, आबांना गोळ्या दिल्या, नऊ वाजून वीस मिनिटांनी लॅपटॉप उघडला.

वायफाय नाही. प्रश्नचिन्हसुद्धा नाही. यादीत देवीचं नावच नव्हतं.

टाकीवर पोचायला वेळ नव्हता. डब्याकडे बघितलं, दिवे लागलेले. "आबा, डब्याला कुनी हात लावला?"

आबा कॉटवर बसून होते, वॉकर पुढ्यात. "फौजीला बोलावलं व्हतं सकाळी. तू म्हनलीस ना, एकच नाव घोळ करतंय. म्हनून बदलाय लावलं."

मी कपाळावर हात मारला. कालचं सगळं काम मी त्या जुन्या नावावर केलं होतं. नाव गेलं म्हणजे तेही गेलं. "आवं आबा, मी केलं हुतं की काल दुरुस्त! मला इचारायचं तरी!" नऊ पंचवीस झाले होते. मी यादी परत उघडली. शेजारच्या दोन घरांची नावं, फिकट. आणि सगळ्यात वर, सिग्नल पूर्ण, एक नाव.

माझं नाव होतं. ऑफिसातलं नाही, आधारवरचं नाही. लग्नाआधीचं, या घरात ठेवलेलं. इंग्रजी अक्षरांत, फौजींनी लिहिलेलं, त्यात एक ए जास्त. वीस वर्षांत ते मी कुठे लिहिलेलं बघितलं नव्हतं.

"पासवर्ड?" मी विचारलं.

"जुनाच हाय."

टाइप केला. नवं नाव, म्हणजे लॅपटॉपच्या लेखी नवं घर. त्यानं कुठलाही जुना पत्ता काढला नाही, घराला विचारून मिळाला तो घेतला आणि एका सेकंदात लागला. काल दोन तास खपून मी जे केलं, त्याची गरजच नव्हती. नाव बदललं की झालं असतं. नऊ अठ्ठावीसला मी मीटिंगमध्ये होते. साहेब म्हणाले, "अरे वा मॅडम, आज शेरडं नाहीत?" मी स्क्रीन दाखवला, दोन केंद्रांच्या तक्रारी सांगितल्या. आपण रडतोय हे दिसू नये म्हणून कॅमेरा लागत नाही असं सांगितलं. लिनक्सवर हे सगळ्यांना खरं वाटतं.

मीटिंग संपल्यावर आबांजवळ जाऊन बसले. कालचं सांगितलं, की चूक माझी होती, आकडे मी टाकले होते. ते म्हणाले, "असंल." मग म्हणाले, "फौजी इचाराय लागला, नाव काय देऊ. मला सुचंना. देवीचं न्हाई म्हनल्यावर दुसरं काय देनार? हितं राहतंय कोन, तूच की." बॅग मी ओढून बाहेर काढली. घडी मोडू नये म्हणून धोतरं त्यांनीच एक एक करून माझ्या हातात दिली.

महिन्याचे चार महिने झाले. आबा काठीवर चालायला लागले, मी सांगलीला आणि गावाला निम्मी निम्मी राहते. चैतात जत्रेला दोघे भाऊ मुलाबाळांसह आले. गाडीतून उतरल्या उतरल्या थोरला अंगणात फोन वर धरून फिरायला लागला. त्याचा फोन या घरात कधी कुणाला काही विचारत नसे.

"आबा, वायफाय बंद हाय का? आपलं नावच दिसंना."

"चालू हाय," आबा ओट्यावरून म्हणाले.

"मग हे भलतंच काय दिसतंय..." आणि त्यानं ते वाचलं. मोठ्यानं, अंगणात. लग्नानंतर त्यानं मला त्या नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. मी स्वयंपाकघरात होते, हातात लाटणं. तरी सवयीनं "ओ" दिली.

"त्येच दाब," आबा त्याला सांगत होते. "त्ये दाबल्याबिगर हितं आता काय लागत न्हाई."

"आन् पासवर्ड?"

"जुना चालायचा न्हाई. परवा तिनं बदललाय. तिला इचार."

थोरला फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. मी हात पुसले आणि त्याला पासवर्ड सांगितला.